तीन ग्रॅम कुठे चिकटवायचे?

टेनिसची रॅकेट घेताना आपण आधी वजन विचारतो. दुकानदार ३०० ग्रॅम सांगतो, मग आपण ती हातात तोलतो आणि हवेत दोनदा फिरवून पाहतो. तोलताना आणि फिरवताना आपला हात प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतो, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. तोलताना कळते ते वजन. फिरवताना कळतो तो रॅकेटचा फिरण्याला होणारा विरोध, ज्याला भौतिकशास्त्रात जडत्वाघूर्ण आणि टेनिसच्या व्यवहारात ‘स्विंगवेट’ म्हणतात. क्रिकेटची बॅट घेताना ‘पिकअप’ बघणारा मुलगा हेच तपासत असतो, फक्त त्याला आकडा माहीत नसतो.

स्विंगवेट मोजताना रॅकेट मुठीच्या टोकापासून १० सेंटिमीटरवरच्या आसाभोवती, म्हणजे साधारण जिथे तळहात असतो तिथे, फिरते असे मानतात. फ्रेमवर कुठेही एखादा ग्रॅम वाढवला, की त्याचा स्विंगवेटवरचा परिणाम या आसापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात होतो. सगळी मेख या ‘वर्गात’ आहे. समजा, गटिंग केलेली, म्हणजे तारा बसवलेली, एक रॅकेट ३१८ ग्रॅमची आहे, तिचा संतुलनबिंदू, म्हणजे बोटावर ती जिथे तोलून राहते ती जागा, मुठीच्या टोकापासून ३३ सेंटिमीटरवर आणि स्विंगवेट ३२० किलोग्रॅम-चौरस सेंटिमीटर आहे. तिच्या अगदी शेंड्यावर, म्हणजे घड्याळात १२ जिथे असतात तिथे, ३ ग्रॅमची शिशाची पट्टी चिकटवली, तर स्विंगवेट १० एककांनी वाढते. तीच पट्टी ३ आणि ९ वाजण्याच्या जागी अर्धी-अर्धी लावली तर वाढ साडेपाचाच्या आसपास येते, थ्रोटजवळ, म्हणजे मुठीचा दांडा तारांच्या चौकटीला मिळतो तिथे, लावली तर दोनही भरत नाही, आणि मुठीत तळहाताच्या जागी लावली तर जवळजवळ शून्य. वजन मात्र चारही वेळा तेवढेच, ३२१ ग्रॅम. काट्यावर ठेवलेल्या रॅकेटकडे पाहून यांतला कोणताही फरक ओळखता येणार नाही.

संतुलनाचे गणित याहून सोपे आहे, कारण तिथे वर्ग नाही, साधे अंतर आहे. शेंड्यावरच्या त्या ३ ग्रॅमने संतुलनबिंदू सुमारे ३.३ मिलिमीटर पुढे सरकतो. तो परत जागेवर आणायचा असेल तर मुठीच्या टोकाशी, बट कॅप नावाच्या टोपणाच्या आत, साधारण ३.२ ग्रॅम घालावे लागतात. पण संतुलन पूर्ववत झाले म्हणजे रॅकेट पूर्ववत झाली असे नव्हे. वाढलेली १० एकके तशीच राहतात. उलट बाजूचे उदाहरण तर रोजचेच आहे. मुठीवर ६ ग्रॅमची ओव्हरग्रिप, म्हणजे पकडीसाठीची पातळ पट्टी, गुंडाळली की रॅकेट काट्यावर जड होते, संतुलनबिंदू सुमारे ४ मिलिमीटर मुठीकडे येतो, स्विंगवेट मात्र जवळपास हलत नाही. म्हणूनच अनेकांना नवी ओव्हरग्रिप लावल्यावर रॅकेट जड होऊनही अधिक चपळ भासते. माझ्या मते नुसते वजन आणि संतुलन यांवरून रॅकेट निवडणे हे घराचे क्षेत्रफळ विचारून खोल्यांची मांडणी न बघण्यासारखे आहे.

आता चेंडूच्या बाजूने पाहू. नियमानुसार चेंडू ५६.० ते ५९.४ ग्रॅमचा असतो आणि तो तारांना जेमतेम ५ सहस्रांश सेकंद टेकतो. एवढ्या अल्प काळात मुठीतल्या हाताचा प्रभाव पडायला फारसा वाव नसतो, त्यामुळे त्या क्षणापुरती रॅकेट मोकळी तरंगत असल्यासारखी वागते. चेंडूला सगळे ३१८ ग्रॅम कधीच भेटत नाहीत. आघाताच्या बिंदूवर रॅकेट मागेही ढकलली जाते आणि स्वतःभोवती फिरतेही, त्यामुळे आपल्या उदाहरणातल्या रॅकेटच्या तारांच्या मध्यावर चेंडूला जाणवणारे वस्तुमान साधारण १७३ ग्रॅम भरते. शेंड्याकडे ७ सेंटिमीटर सरकले तर ते १२६ ग्रॅमवर येते. शेंड्याजवळ लागलेला फटका मेल्यासारखा का वाटतो, त्याचे एक कारण हे आहे. शेंड्यावर ३ ग्रॅम लावल्यानंतर हाच हिशेब पुन्हा केला, तर तारांच्या मध्यावर जाणवणारे वस्तुमान ३ नव्हे, तर ५ ग्रॅमहून अधिक वाढलेले दिसते. तेच ३ ग्रॅम तळहाताच्या जागी लावले तर चेंडूला त्यांचा पत्ताही लागत नाही. मुठीतले वजन हातासाठी असते, चेंडूसाठी नाही.

मग प्रत्येकाने शेंड्यावर शिसे का लावू नये? कारण जड शेंडा फिरवायला दंडाला अधिक काम पडते आणि रॅकेटचा वेग घटतो. पूर्ण ताकदीच्या सर्व्हिसमध्ये मिळकत आणि तोटा एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. परतीचा फटका आणि व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) यांत मात्र चेंडू आधीच वेगात येतो आणि रॅकेट थोडीच फिरते, त्यामुळे तिथे वाढीव स्विंगवेटचा खरा फायदा मिळतो. विम्बल्डन विजेता पीट सॅम्प्रस तारांचा भाग ८५ चौरस इंचांचा असलेली रॅकेट शिशाच्या पट्ट्या लावून ४०० ग्रॅमच्या जवळपास नेऊन वापरत असे. पण त्याच्या फटक्याचे तंत्र आणि दंड आपल्याजवळ नाहीत. दुहेरीत जाळीजवळ खेळणाऱ्या हौशी खेळाडूने मुठीत ५-६ ग्रॅम घालून आधी संतुलन मागे आणणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ज्याचे फटके मध्यापासून डावी-उजवीकडे लागतात, त्याचा प्रश्न वेगळा आहे. तिथे रॅकेट हातात गर्रकन वळते आणि तो विरोध लांबीच्या आसाभोवतीचा असतो. इथेही अंतराचा वर्गच राज्य करतो, पण अंतर रुंदीचे असते. शेंड्यावरच्या पट्टीचा इथे काहीच उपयोग नाही; ३ आणि ९ च्या जागीच ती हवी. अमेरिकी अभियंते हॉवर्ड हेड यांनी १९७६ मध्ये ‘प्रिन्स’ कंपनीची ११० चौरस इंचांची रॅकेट बाजारात आणली, तिच्या मुळाशी हाच विचार होता: वजन न वाढवता फ्रेमच रुंद केली, की वळण्याचा विरोध वाढतो. सुरुवातीला त्या रॅकेटला हसणारे पुष्कळ होते.

नियमांची अडचण नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांत रॅकेटच्या लांबीला २९ इंचांची मर्यादा आहे, वजनाला नाही, आणि वजनाची विभागणी करण्यासाठी फ्रेमला पट्टी लावायला स्पष्ट परवानगी आहे. शिसे मात्र विषारी आहे; पट्टी हाताळल्यावर हात धुवावेत आणि तिच्यावर संरक्षक टेप लावावी, किंवा टंगस्टनची पट्टी घ्यावी.

स्विंगवेट मोजायचे यंत्र गटिंगवाल्याकडे असतेच असे नाही, पण एक खिळा, स्टॉपवॉच आणि छोटा डिजिटल काटा एवढ्यावर काम भागते. शेंड्याजवळच्या तारांच्या चौकटीतून रॅकेट उलटी खिळ्यावर टांगावी, तारांच्या पातळीशी काटकोनात हलके झोके द्यावेत आणि जाऊन-येऊन एक अशा ३० झोक्यांचा वेळ घ्यावा. आपल्या उदाहरणातल्या रॅकेटला तो सुमारे ४२ सेकंद लागेल. एका झोक्याच्या वेळेचा वर्ग, वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि खिळ्यापासून संतुलनबिंदूपर्यंतचे अंतर यांच्या गुणाकाराला ३९.४८ ने भागले, की खिळ्याभोवतीचे जडत्वाघूर्ण मिळते. त्यातून वस्तुमान गुणिले त्या अंतराचा वर्ग वजा करावा आणि वस्तुमान गुणिले संतुलनबिंदू व तळहाताच्या आसातील अंतराचा वर्ग मिळवावा. वेळेत सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक झाली तर उत्तरात अडीच-तीन एककांचा फरक पडतो, म्हणून मोजणी तीनदा तरी करावी.

याचा सर्वाधिक उपयोग होतो तो दुसरी रॅकेट पहिलीसारखी करताना. एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटांत काही ग्रॅमचा फरक सहज निघतो. अशा वेळी आधी शेंड्यावर किंवा बाजूंना पट्टी लावून स्विंगवेट जुळवावे आणि मग वजनातली उरलेली तूट मुठीत, तळहाताच्या जागी भरावी, कारण तिथे घातलेल्या ग्रॅमने जुळवलेले स्विंगवेट बिघडत नाही. उलट्या क्रमाने गेलात तर पट्ट्या सोलत बसावे लागते.