घरातला कॅन्सर आणि न विचारलेली सुपारी

कोकणात पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाला तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर निघाला, की "त्यांच्या घरातच आहे तो" असं बोललं जातं. त्यात तथ्य आहे. 2009 साली अनेक देशांतली माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा आजार झालेला असेल तर धोका सुमारे 1.7 पट आढळला. आईवडिलांना असेल तर 1.5 पट, भावंडाला असेल तर 2.2 पट. 2015 साली 45 पर्यंतच्या वयाच्या रुग्णांचा वेगळा विचार झाला. नात्यात कोणाला तरुणपणी कॅन्सर झालेला असेल तर या तरुणांचा धोका दुपटीहून जास्त होता. मोठ्या वयाच्या रुग्णांत तसं दिसलं नाही.

पण रक्ताचं नातं आईवडिलांशी जितकं, तितकंच भावंडांशी. मग भावंडांचा आकडा मोठा का? आई आणि वडील दोघांकडून आले तरच परिणाम करणारे काही जनुकीय दोष भावंडांतच जुळून येतात, हे एक उत्तर. दुसरं, भावंडं एकाच काळात, एकाच घरात वाढतात. शिवाय 2009 च्या विश्लेषणात हा वाढीव धोका मुख्यतः तंबाखू घेणाऱ्यांतच दिसला होता.

म्हणजे घराण्यासोबत घरातली सवयही मोजायला हवी. पण सवय म्हणजे काय, इथे 1985 चा निर्णय आडवा येतो. तंबाखू घातलेलं पान कॅन्सरकारक आहे, हे त्या वर्षी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मान्य केलं. बिनतंबाखूच्या पानाबद्दल मात्र पुरावा अपुरा ठरवला. नुसती सुपारीही कॅन्सरकारक आहे, हे ठरायला 2004 उजाडलं. मधल्या 19 वर्षांत पानमसाल्याच्या पुड्या शाळेजवळच्या टपरीपर्यंत पोचल्या. सुपारीने तोंडाचं अस्तर कडक होतं, जबडा आवळतो, पुढे काहींना कॅन्सर होतो. जबडा आवळणाऱ्या या आजाराचं वर्णन भारतात 1953 पासून उपलब्ध होतं. माझ्या मते 1985 ची सावधगिरी फार महागात पडली. बागायतदारांना 2004 चा निर्णय आजही पटत नाही आणि श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवर ज्यांचं घर चालतं त्यांची चिंता खोटी नाही. पण पुरावा बाजारभाव बघून बदलत नाही.

रुग्णांच्या नोंदीत याचा परिणाम असा होतो, की प्रश्नावलीत सवय म्हणजे फक्त तंबाखू असेल तर लहानपणापासून सुपारी चघळणारा भाऊ निर्व्यसनी ठरतो आणि त्याच्या आजाराचं सगळं खापर घराण्यावर फुटतं. मशेरी, म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू, दातांना लावणाऱ्या आईचंही तसंच. ती तंबाखू "खात" नसते.

गुटख्यावर राज्यात 2002 मध्ये बंदी आली, ती न्यायालयात टिकली नाही. 2012 मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा आली. साधी सुपारी तिच्या बाहेरच राहिली. म्हणून तरुण रुग्णाच्या केसपेपरवर नातेवाइकाचा आजार, तो झाला तेव्हाचं वय, आणि सुपारी, मशेरी, तंबाखू यांचे वेगवेगळे रकाने हवेत. भावंडांचीही तोंडं तेव्हाच तपासायला हवीत: पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कमी उघडणारा जबडा.