लोलक-तक्ते

दोऱ्याला किंवा बारीक साखळीला टांगलेले वजन, म्हणजे लोलक, चिमटीत धरायचे, मनात प्रश्न घ्यायचा आणि वजन ज्या दिशेला झुलेल तिथले उत्तर वाचायचे, या प्रथेला डाउझिंग म्हणतात. संभाव्य उत्तरे आधीच घरे पाडून लिहिलेला कागद म्हणजे लोलक-तक्ता. इंदूरच्या मराठी घरांत ‘पेंडुलम’ आणि ‘चार्ट’ हेच शब्द चालतात. रामबाग, राजेंद्रनगर अशा मराठी वस्तीच्या भागांत रेकी, वास्तू आणि स्फटिकांच्या शिकवण्यांसोबत हा प्रकार घरात येतो. तक्ते बहुधा इंग्रजी नाहीतर हिंदी, झेरॉक्स काढून लॅमिनेट केलेले; प्रश्न मात्र मराठीत विचारला जातो. लोलकाला दडलेली माहिती कळते याला विश्वासार्ह पुरावा नाही. तरी तक्त्यांकडे नीट पाहण्यासारखे बरेच आहे, कारण उत्तराचा मोठा हिस्सा तक्ता आखतानाच ठरून गेलेला असतो.

लोलक हलतो तो धरणाऱ्याच्याच हाताने, पण धरणाऱ्याला ते जाणवत नाही. दोरा २० सेंमी. असेल तर एका पूर्ण झोक्याला सुमारे ०.९ सेकंद लागतो. बोटांची डोळ्यांना न दिसणारी हालचाल त्या तालात पडली की झोका वाढत जातो. मनात दिशेची कल्पना आली की स्नायू तिच्याकडे किंचित झुकतात. या क्रियेला विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरक्रियातज्ज्ञाने १८५२ मध्ये ‘आयडिओमोटर’ हे नाव दिले. त्याआधी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल याने स्वतःवरच प्रयोग केले होते. पाऱ्यावर धरलेला त्याचा लोलक झुले आणि मध्ये काच सरकवली की मंदावे. मग त्याने दंडापासून बोटांकडे सरकत हाताला टेकू दिला, तसा झोका कमी होत गेला. आणि डोळे बांधल्यावर काच आहे की नाही याचा लोलकावर काही परिणाम होईना. हे सारे त्याने १८३३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अँपिअर याला लिहिलेल्या पत्रात मांडले. लोलक पितळेचा घ्यावा, स्फटिकाचा की साध्या नटबोल्टाचा, या वादात म्हणूनच फारसे तथ्य नाही. वजन सममित असावे आणि टोक अणकुचीदार असावे, म्हणजे वाचायला सोपे जाते, एवढेच.

सर्वांत साधा तक्ता अधिक चिन्हाचा : उभी रेघ ‘हो’, आडवी ‘नाही’. पुढे-मागे म्हणजे होकार की उजवीकडून गोल फिरणे म्हणजे होकार, हे प्रत्येक जण सुरुवातीला स्वतःपुरते ठरवून घेतो. मराठी मनाला ही रीत परकी वाटू नये. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हाही उजवा आणि डावा असे दोनच पर्याय असतात.

दोनापेक्षा जास्त उत्तरे हवी असली की खरी अडचण सुरू होते, आणि ती भूमितीची आहे. पूर्ण वर्तुळाच्या मध्यावर धरलेला लोलक एका रेषेत झुलतो, आणि रेषेला दोन टोके असतात. बारा महिन्यांच्या तक्त्यात झोका ‘मे’वर गेला की समोरच्या ‘नोव्हेंबर’वरही गेलाच. यावर उपाय म्हणजे अर्धवर्तुळाचा पंखा-तक्ता : लोलक खालच्या मध्यबिंदूवर धरायचा, घरे फक्त वरच्या १८० अंशांत. बाजारातले बहुतेक तक्ते याच आकाराचे असतात ते यामुळेच. आठ घरे केली तर प्रत्येकाला २२.५ अंश मिळतात, बारा केली तर १५. शंभर टक्क्यांचा तक्ता एकेक टक्क्याने आखला तर एका घराला १.८ अंश, म्हणजे १० सेंमी. त्रिज्येवर जेमतेम ३ मिमी. एवढ्या चिंचोळ्या पट्टीत झुलणारे टोक ‘६३’वर आहे की ‘६५’वर, हे डोळा नव्हे, इच्छा ठरवते. टक्केवारी दहा-दहाच्या टप्प्यानेच आखावी. त्याहून सूक्ष्म आकडा कोणी सांगितला तर तो लोलकाचा नसून सांगणाऱ्याचा समजावा.

देवनागरी अक्षरे पंख्यात बसवताना हीच अडचण येते. स्वर-व्यंजने मिळून पन्नासच्या आसपास घरे होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला चार अंशही येत नाहीत. वर्णमालेची वर्गवारी इथे चांगली कामी येते : आधी स्वर, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग आणि अवर्गीय अशा सात घरांचा तक्ता, मग निवडलेल्या वर्गाचा वेगळा. ज्यांच्या घरी कधीकाळी पाटावर अक्षरे लिहून वाटीने प्लँचेट झाले असेल, त्यांना हे ओळखीचे वाटेल. मात्र शब्द अर्धवट आला की तो पुरा करण्याचा मोह आवरत नाही. इसवी सन ३७१ च्या सुमारास रोमन साम्राज्यातल्या अँटिऑक शहरात काही कटवाल्यांनी वर्तुळाकार धातूच्या ताटाच्या कडेवर ग्रीक अक्षरे कोरली आणि दोऱ्याला अंगठी टांगून, सम्राट व्हॅलेन्सनंतर कोण, असे विचारले. ‘थिओद’ एवढी अक्षरे येताच कोणीतरी थिओडोरसचे नाव घेतले आणि पुढे विचारणेच थांबले. कट उघडा पडला, थिओडोरसला देहदंड झाला. ३७८ मध्ये व्हॅलेन्स लढाईत मेला आणि पुढच्या वर्षी पूर्वेचा सम्राट झाला तो थिओडोशिअस. भाविक याला लोलकाची सरशी मानतील. तेवढ्याच अक्षरांत दोन्ही नावे बसतात, ही गोष्ट अधिक महत्त्वाची.

दिशांचा तक्ता मात्र पूर्ण वर्तुळाशिवाय करता येत नाही, आणि वास्तूच्या कामात तोच सर्वाधिक वापरला जातो. घराच्या नकाशावर मध्यबिंदू काढून आठ किंवा सोळा दिशा आखतात आणि ‘जमिनीखालची पाण्याची टाकी कुठे?’ असे विचारतात. झोका ईशान्य-नैर्ऋत्य रेषेत गेला तर काय करायचे? वास्तुशास्त्रात ईशान्य ही जमिनीखालच्या पाण्याची जागा आणि नैर्ऋत्य ही त्यासाठी वर्ज्य. एकाच झोक्याने विधी आणि निषेध दोन्ही सांगितले. जाणकार अशा वेळी ‘हो-नाही’च्या तक्त्याकडे वळून एकेक दिशा पुन्हा विचारतात. वास्तूचे ‘योग्य’ उत्तर आधीच पाठ असलेल्या हाताकडून दुसरे उत्तर येण्याची शक्यता कमीच.

कोणता तक्ता कधी घ्यावा, यासाठी ‘मास्टर चार्ट’ असतो. त्याच्या घरांत बाकीच्या तक्त्यांचीच नावे लिहिलेली असतात. त्याची गरज दहा-वीस तक्ते बाळगणाऱ्यालाच पडते. सामान्य वापरात प्रश्नाचा प्रकार पाहिला की पुरते : निर्णय असेल तर हो-नाही, निवड असेल तर पंखा, मात्रा असेल तर टक्केवारी. पंखा मात्र स्वतः आखलेला बरा. खजुरी बाजारातून ड्रॉइंग पेपर आणि कोनमापक आणला की अर्ध्या तासाचे काम. बारावीनंतर मुलीने शिकायला कुठे जावे, यासाठी एखाद्या घरात ‘इंदूर, भोपाळ, पुणे, मुंबई’ असा तक्ता केला, तर बडोद्याचे नाव कधीच येणार नाही. आणि एक वर्ष थांबावे, हेही येणार नाही. त्यासाठी दोन घरे नेहमी राखून ठेवावीत : ‘यांपैकी नाही’ आणि ‘प्रश्न बदला’. विकतच्या औषध-तक्त्यांत, तेलांच्या तक्त्यांत ही घरे नसली तर तो तक्ता विक्रीसाठी आखला आहे असे समजायला हरकत नाही. आणखी एक खाच अशी की, सुरुवातीचा झोका सवयीने पुढे-मागे दिला जातो, त्यामुळे पंख्याच्या मधल्या घराला आयता फायदा मिळतो. मनातली आवडती निवड मध्ये लिहिण्याची प्रवृत्ती असतेच. चिठ्ठ्या टाकून घरांचा क्रम ठरवला की निदान एवढा दोष जातो.

बोव्हिस-तक्ता हा यांतला सर्वांत शास्त्रीय दिसणारा. फ्रान्समधील बोव्हिस याच्या नावाने तो ओळखला जातो आणि वास्तू, अन्न, माणूस यांची ‘ऊर्जा’ आकड्यांत देतो. ६,५०० ही निरोगीपणाची पायरी मानतात. मूळ एकक अँगस्ट्रॉमचे सांगितले जाते. ६,५०० अँगस्ट्रॉम म्हणजे ६५० नॅनोमीटर, म्हणजे साध्या तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी. भाकरीला किंवा देवघराला ती कशी लावायची, हे सांगणारे कोणतेही उपकरण नाही. आकडा येतो तो फक्त तक्त्यावरून.

पारख करायची असेल तर घरच्या घरीही करता येते. घरांतली नावे झाकून, धरणाऱ्याला माहीत नसलेल्या क्रमाने दुसऱ्याने तक्ता फिरवावा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा. उत्तर टिकत नाही. मोठ्या प्रमाणावर असेच १९९० मध्ये जर्मनीत कासेल येथे झाले. तिथे ३० डाउझर होते, जमिनीखाली ५० सेंमी. खोल पाइप होता, आणि त्यातून पाणी वाहते आहे की नाही एवढेच ओळखायचे होते. निकाल अंदाजपंचे सांगण्याहून सरस आला नाही. आजाराच्या तक्त्यांबाबत तर कायदाच आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाखाली मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर जादूटोण्याचे उपचार जाहीर करणे गुन्हा ठरते. चाचणीचा अहवाल बाजूला ठेवून औषधाची मात्रा तक्त्यावर ठरवणे हा या प्रथेतला सर्वांत घातक वापर होय.

माळव्यात लोलकाला खरी मागणी बोअरसाठी. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ ही इथली म्हण. पण काळ्या मातीखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. पाणी वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि दोन लाव्हा-थरांच्या सांध्यात सापडते. दोन बोअर शेजारी-शेजारी, एक भरलेली आणि एक कोरडी, हे इथे नवल नाही. शहरात १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी आले, तरी नळ न पोहोचलेल्या कडेच्या वसाहतींत पाण्याची जागा सांगणाऱ्या पाणाड्याला बोलावणे जातेच. त्याचा नारळ किंवा कडुनिंबाची फांदी वेगळी; तक्तेवाला प्लॉटच्या नकाशावर चौकटी आखतो आणि खोलीसाठी ५० फुटांच्या टप्प्यांचा पंखा काढतो. अवंतीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’च्या दकार्गल अध्यायात पाणी शोधण्याच्या खुणा दिल्या आहेत. त्यांत लोलक नाही; झाडे, वारुळे आणि माती आहे. निर्जल प्रदेशात वेत दिसला तर त्याच्या पश्चिमेला तीन हातांवर, दीड पुरुष (माणसाच्या उंचीवर बेतलेले माप) खोलीवर पाणी, असे तो लिहितो. हे चुकू शकते, पण तपासून पाहता येते. भूजलतज्ज्ञ आज जमिनीची विद्युत्-रोधकता मोजून ओल्या थराचा अंदाज बांधतात. तोही अंदाजच, पण मोजलेल्या आकड्यावर बेतलेला. तक्त्याने ‘२०० फूट’ सांगितले आणि तिथे पाणी लागले नाही, तर मशीन पुढे चालू ठेवायचे की नाही, हे बाहेर पडणारा चुरा ओला आहे की कोरडा आणि फुटावर मोजले जाणारे पैसे किती उरले आहेत, यावर ठरते.