काचेच्या निगेटिव्हपासून ड्रोनपर्यंत: आयर्लंडच्या महापाषाणांचे फोटो

न्यूग्रेंज म्हटलं की पांढऱ्याशुभ्र गारेच्या दगडांची उभी भिंत आणि वर हिरवळीचा घुमट असाच फोटो समोर येतो. बॉइन नदीच्या खोऱ्यातलं हे थडगं इसवी सनपूर्व 3200 च्या सुमाराचं, पण ती भिंत आत्ता-आत्ताची, विसाव्या शतकातली. 1962 ते 1975 या काळात पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ'केली यांनी इथे उत्खनन केलं. दाराच्या बाजूला पसरलेले पांढरे दगड टेकाडाच्या दर्शनी भिंतीवरूनच ढासळले असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि काँक्रीटचा आधार देऊन ते पुन्हा रचण्यात आले. काही पुरातत्त्वज्ञ म्हणतात, ते मुळात जमिनीवरच अंथरलेले होते. दाराच्या दोन्ही अंगांना आत वळलेली काळसर भिंत आहे, ती तर सरळसरळ पर्यटकांच्या जिन्यांसाठी काढलेली जागा आहे. म्हणजे ज्या चौकटीत आज सगळे फोटो काढतात, ती चौकटच आधुनिक आहे. त्याआधीचं रूप बघायचं तर जुन्या निगेटिव्हकडे वळावं लागतं: झाडाझुडपांनी माजलेलं टेकाड आणि पायथ्याशी वलयं कोरलेली आडवी शिळा.

आयरिश महापाषाणांच्या, म्हणजे प्रचंड शिळांच्या प्राचीन रचनांच्या, फोटोंकडे निव्वळ देखणी दृश्यं म्हणून पाहणं म्हणूनच अपुरं वाटतं. दुरुस्तीआधीचा, पडझडीआधीचा पुरावा अनेकदा तेवढाच उरतो.

कॅमेरा येण्यापूर्वी हे काम चित्रकारांकडे होतं. 1699 मध्ये चार्ल्स कॅम्बेल नावाच्या जमीनमालकाचे मजूर दगड काढायला गेले आणि न्यूग्रेंजचं दार उघडं पडलं. त्याच वर्षी वेल्श अभ्यासक एडवर्ड लॉइड तिथे पोचले आणि पहिलं वर्णन झालं. 1830 च्या दशकात सरकारी नकाशामोजणीच्या निमित्ताने जॉर्ज पेट्री आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरून अवशेषांची टिपणं नि रेखाटनं करत होते. पण चित्रात चित्रकाराची समजूतही उतरते. दोन-तीन उभ्या शिळांवर एक मोठी आडवी शिळा, म्हणजे डॉल्मेन, हे प्राचीन केल्ट लोकांच्या ड्रुइड पुरोहितांचं बळी देण्याचं ठिकाण, अशी तेव्हा सर्रास समजूत होती. गावकऱ्यांची गोष्ट निराळी: दंतकथेतलं पळून गेलेलं प्रेमी जोडपं डिअरमड आणि ग्रान्या रात्री इथे झोपत, म्हणून अशा कितीतरी डॉल्मेनना त्यांची 'शेज' म्हणतात. दोन्ही समजुती खऱ्या नाहीत, पण दुसरी निदान गोड आहे.

या चर्चेत दख्खनही होतं. निजामाच्या चाकरीत सुरापूरचा कारभार पाहिलेले कर्नल फिलिप मेडोज टेलर निवृत्तीनंतर डब्लिनला राहिले, आणि 1860 च्या दशकात रॉयल आयरिश अकादमीपुढे त्यांनी दख्खनमधल्या शिळावर्तुळांवर आणि दगडी थडग्यांवर निबंध मांडला. दोन्हीकडचे अवशेष एकाच वंशाचे असणार ही त्यांची अटकळ आज कुणी मानत नाही. आयर्लंडची थडगी नवाश्मयुगातली, आपल्या विदर्भातल्या जुनापाणीची वर्तुळं लोहयुगातली, मध्ये हजारो वर्षांचं अंतर. टेलर यांची बारकाईची निरीक्षणं मात्र अजून उपयोगी पडतात.

आयरिश अवशेषांसाठी कॅमेरा गांभीर्याने वापरला तो तिसरे अर्ल ऑफ डनरॅव्हन यांनी. ते फोटोग्राफर बरोबर घेऊन फिरत. 1871 मध्ये ते वारले. त्यांचं काम मार्गारेट स्टोक्स यांनी संपादित करून 1875 आणि 1877 मध्ये दोन खंडांत छापलं. त्यात भर होता तो दगडी गढ्या आणि जुन्या चर्चवर, पण दगडी अवशेषाची नोंद फोटोने करायची हा पायंडा पडला. हे सोपं नव्हतं. ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेला रसायन लावायचं, ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. त्यामुळे अंधारा तंबू, बाटल्या आणि पाणी हे सगळं लटांबर शिळेपाशी न्यावं लागे. कोरड्या काचा आल्यावर एकटा माणूसही माळरानावर जाऊ लागला.

तिथून दोन वाटा फुटल्या. एक धंद्याची. डब्लिनच्या विल्यम लॉरेन्स यांच्यासाठी रॉबर्ट फ्रेंच यांनी देशभर फिरून हजारो दृश्यं टिपली आणि ती पोस्टकार्डांवर खपली. 1916 च्या ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या ईस्टर उठावात लॉरेन्स यांचं दुकान लुटलं गेलं, जळालं. माणसांच्या फोटोंच्या काचा गेल्या, पण दृश्यांच्या काचा दुसरीकडे ठेवलेल्या असल्याने वाचल्या. त्या सुमारे 40,000 काचा 1943 पासून राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

दुसरी वाट अभ्यासाची, आणि तिथे नाव घ्यायचं ते बेलफास्टच्या रॉबर्ट वेल्च (1859–1936) यांचं. पोटासाठी ते हारलँड अँड वुल्फ या जहाज कंपनीचे फोटो काढत आणि मन रमे ते शंखशिंपले, खडक नि जुन्या शिळांत. निसर्गप्रेमी मंडळाच्या सहलींना ते हजर असत. त्यांच्या निगेटिव्ह अल्स्टर म्युझियममध्ये आहेत, आणि एखादी शिळा तेव्हा किती कललेली होती, भोवती काय होतं, हे तिथे सापडतं.

अशा तपासणीची गरज वारंवार पडते. किल्डेअरमधली पंचेसटाउनची उंच शिळा 1931 मध्ये कोसळली आणि 1934 मध्ये पुन्हा उभी केली. क्लेअरमधल्या पुलनाब्रोन डॉल्मेनच्या पूर्वेकडच्या दारशिळेला 1985 मध्ये भेग आढळली, ती शिळा बदलावी लागली आणि त्यानिमित्ताने ॲन लिंच यांनी उत्खनन केलं. तीसहून जास्त माणसांचे अवशेष निघाले. पुलनाब्रोन हा आयर्लंडमधला बहुधा सर्वांत जास्त फोटो निघालेला डॉल्मेन. जमिनीलगत कॅमेरा ठेवून, मागे संध्याकाळचं आभाळ घेऊन काढलेल्या फोटोत तो प्रचंड दिसतो. प्रत्यक्षात त्याची उंची माणसाएवढीच. फोटोत दिसत नाही ते असं, की भोवतीच्या चुनखडीच्या फरशीवरचे सुटे दगड उचलून पर्यटक छोटे-छोटे डॉल्मेन रचून ठेवतात आणि ते पुन्हा मोडावे लागतात.

खरी कसोटी कोरीव शिळांची. भर दुपारी समोरून फोटो काढला तर वलयं, नागमोडी रेघा सगळं सपाट होतं. वीरगळांचे फोटो काढणाऱ्यांना हे सांगायला नको. पूर्वी रेघांमध्ये खडू भरत. त्याने दगडाला इजा होते, शिवाय कुठली रेघ खरी हे खडू धरणारा ठरवतो. आता फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, शिळेला जवळजवळ चिकटून धरतात. प्रकाश आडवा येतो, खाचेत सावली पडते आणि उन्हात न दिसलेली नक्षी उठून दिसते.

आडव्या प्रकाशाची किमया बांधणाऱ्यांनाही ठाऊक होती. 21 डिसेंबर 1967 ला ओ'केली न्यूग्रेंजच्या गाभाऱ्यात थांबले. दारावरच्या झरोक्यातून सूर्यकिरण सुमारे 19 मीटरचा बोळ पार करून आत आला. हा उजेड साधारण 17 मिनिटं टिकतो. त्या दिवसांत आत जायला आज सोडत काढतात. एरवी आत जाणाऱ्या पर्यटकांना मात्र फोटो काढायला मनाई आहे.

अलीकडचा सर्वांत मोठा शोध वरून लागला. 2018 च्या उन्हाळ्यात दुष्काळ पडला. बुजलेल्या जुन्या खड्ड्यांत आणि चरांत ओल टिकते, म्हणून तेवढ्याच जागी पीक हिरवं राहतं. 10 जुलैला अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स यांनी न्यूग्रेंजजवळच्या शेतावर ड्रोन उडवले, तेव्हा पडद्यावर हिरव्या ठिपक्यांचं अवाढव्य वर्तुळ उमटलं: नवाश्मयुगाच्या अखेरीचं, जमिनीवरून कुणालाच न दिसणारं. त्यानंतर राष्ट्रीय स्मारक विभागाने हवाई पाहणी केली आणि त्याच परिसरात आणखीही रचना नोंदवल्या.