डोक्याला फडकं बांधलेली मुलगी आणि पडद्यावर न दिसलेले रोमा

मालगाडीच्या डब्याचं दार पुरतं लागलेलं नाही. उरलेल्या फटीतून डोक्याला फडकं बांधलेली एक मुलगी बाहेर बघतेय. जेमतेम सात सेकंदांचं हे मूक दृश्य ज्यूंच्या छळावरच्या कितीतरी माहितीपटांत येऊन गेलंय. नेदरलँड्समधल्या नाझींच्या वेस्टरबोर्क छावणीत कमांडंटच्या हुकमावरून तिथल्याच एका ज्यू कैद्यानं ते टिपलं. मुलगी ज्यूच असणार, असं जवळपास पन्नास वर्षं सगळे धरून चालले.

मग एका डच पत्रकारानं तिचा माग काढला. त्याच फिल्ममध्ये ढकलगाडीवरून नेल्या जाणाऱ्या एका बाईची सुटकेस दिसते. तिच्यावरचं नाव आणि जन्मतारीख वाचता आली, आणि त्यावरून गाडीचा दिवस पक्का झाला : 19 मे 1944. त्या दिवशी 245 सिंती आणि रोमा आउशवित्झच्या मृत्युछावणीत धाडले गेले. रोमा म्हणजे ज्यांना आपण 'जिप्सी' म्हणतो ते लोक, सिंती ही त्यांचीच एक शाखा. त्याच डब्यातली, पुढे वाचलेली एक बाई 1994 च्या सुमारास सापडली. दारात डोकं चेंगरेल म्हणून मुलीची आई तिला आत बोलावत होती, हे तिला आठवत होतं. हाकेतलं नावही आठवत होतं. सेटेला. वय नऊ, सिंती. छावणीत केस भादरले होते, म्हणून ते फडकं.

ही चूक एकट्या चित्रपटवाल्यांची नाही. मुळात मार्च 1943 आधीही रोमांचा छळ वंशावरून झाला, हेच पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायपीठानं 1956 मध्ये नाकारलं. मे 1940 मध्ये सुमारे 2,500 सिंती-रोमांना व्याप्त पोलंडमध्ये हाकलण्यात आलं होतं. हा पोलिसी बंदोबस्ताचा भाग होता, वांशिक छळ मार्च 1943 पासून धरावा, असा तो निकाल. म्हणजे पीडितांनाच गुन्हेगार ठरवायचं आणि भरपाईही नाकारायची! खरं तर 1938 च्या सरकारी हुकमातच 'वंश' हा शब्द स्पष्ट होता. 1963 मध्ये निकाल फिरवला गेला, पण तोवर बरेच दावेदार गेले होते. वंशसंहार म्हणून सरकारी कबुली मिळाली ती थेट 1982 मध्ये, दाखाउच्या जुन्या छळछावणीत सिंतींनी केलेल्या उपोषणानंतर दोन वर्षांनी.

शब्दाचाही गुंता आहेच. मराठीत 'जिप्सी' म्हटलं की मुक्त भटकंती डोळ्यांपुढे येते. जर्मनीत त्याच लोकांसाठीचा 'त्सिगॉयनर' (Zigeuner) हा शब्द पोलिसांच्या नोंदींतला होता. आउशवित्झमध्ये हातावर गोंदलेल्या क्रमांकाआधीचा 'झेड' त्यातूनच आला. म्हणून इथे रोमा आणि सिंती हेच शब्द वापरलेत.

रोमांच्या छळावरचे कथापट त्यामुळे उशिरा आले, आणि मोजकेच. 2009 चा एक फ्रेंच चित्रपट फ्रान्समधल्या नजरकैदेबद्दल बोलतो. दिग्दर्शक स्वतः रोमा वंशाचा. युद्ध संपल्यावरही तिथले काही रोमा कुंपणाआड होते, अंगुलेमची छावणी 1946 च्या जूनमध्ये रिकामी झाली. या कैदेत आपल्या देशाचाही हात होता, हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीरपणे मान्य केलं 2016 मध्ये. चित्रपट त्याआधी सात वर्षं येऊन गेला होता.