मावशीच्या लॅपटॉपवर तीन राखणदार

मावशीचा लॅपटॉप सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागायची. बटण दाबून ती चहा टाकायची आणि चहा गाळून आणेपर्यंत स्क्रीन कशीबशी उजळलेली असायची. दिवाळीत गेले तेव्हा म्हणाली, "अगं, व्हायरस शिरलाय बहुतेक, बघ जरा." व्हायरस नव्हता. दोन फुकट अँटिव्हायरस होते, विकत घेतलेला पण मुदत संपलेला तिसरा होता, आणि 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 312 दोष आहेत' असं रोज बजावणारा एक 'क्लीनर'. हा क्लीनर तिनं मागितलाच नव्हता. पीडीएफ जोडणारा कुठलासा फुकट प्रोग्राम टाकताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेली आणि तो मागच्या दारानं आत आला.

राखणदार जितके जास्त तितकं बरं, असं वाटणं साहजिक आहे. पण तुम्ही फाइलवर क्लिक करता तेव्हा अँटिव्हायरस ती उघडण्याआधी क्षणभर अडवतो आणि तपासतो. हे जमावं म्हणून त्याला ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जागा दिलेली असते. तिथे दोघं बसले की प्रत्येक फाइल दोनदा अडते. शिवाय एकानं तपासायला उघडलेली फाइल दुसऱ्याला नवी हालचाल वाटते आणि तो तिच्या मागे लागतो. मशीन गुदमरतं ते इथे.

अडवलेल्या फाइलची आधी ओळख पटवली जाते: माहीत असलेल्या व्हायरसच्या खुणांशी तिच्या खुणा ताडून पाहतात. जुळल्या नाहीत तर वागणूक बघतात. एखादा प्रोग्राम अचानक शेकडो फोटो कुलूपबंद करायला लागला, तर तो कितीही नवा असो, त्याला थांबवायचं. तरीही एखादा सुटतोच, आणि यामागे गणित आहे. फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकानं 1984 मध्ये एक साधा युक्तिवाद मांडला. समजा, कधीच न चुकणारा परीक्षक बनवला. आता मी एक प्रोग्राम लिहिते, जो आधी त्या परीक्षकालाच विचारतो, 'मी व्हायरस आहे का?' उत्तर 'हो' आलं तर तो गप्प बसतो, 'नाही' आलं तर पसरायला लागतो. परीक्षकानं काहीही म्हटलं तरी तो खोटा ठरला! म्हणून कुणी शंभर टक्के संरक्षणाची हमी देऊ लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ज या संस्था प्रमुख अँटिव्हायरसच्या नियमित परीक्षा घेतात आणि निकाल फुकट वाचायला मिळतात. त्यात विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हल्ली नावाजलेल्यांच्या बरोबरीनं बसतो. पूर्वी तसं नव्हतं. 2006 मध्ये तो आला तेव्हा फक्त स्पायवेअर, म्हणजे गुपचूप पाळत ठेवणारे प्रोग्राम पकडायचा. व्हायरससाठी वेगळी सोय करावी लागे. 'एक अँटिव्हायरस, एक अँटिस्पायवेअर' हा सल्ला त्या काळातला, आणि तेव्हा तो बरोबर होता. 2012 च्या विंडोज 8 पासून दोन्ही कामं डिफेंडर एकटाच करतो.

मग इतर फुकट अँटिव्हायरस घ्यावेत का? माझं मत, घरच्या साध्या वापराला गरज नाही. कारण पकडण्याच्या ताकदीत आता फारसा फरक उरलेला नाही. फरक आहे तो मालकाच्या कमाईत. फुकट देणाऱ्याचा खर्च कुठून तरी निघावा लागतो. प्रागच्या अवास्ट कंपनीचं उदाहरण बघा. तिच्या अँटिव्हायरसनं आणि ब्राउझर एक्स्टेन्शननं, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामनं, गोळा केलेला लोकांचा ब्राउझिंगचा तपशील जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकला जात होता. 2020 च्या जानेवारीत पत्रकारांनी हे उघड केलं आणि जम्पशॉट बंद झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी असा तपशील विकण्यावर बंदी घातली. लोक काय वाचतात, कुठल्या आजाराची माहिती शोधतात, हे ज्याला राखणीला ठेवलं त्याच्याच मार्फत बाहेर जात होतं. मला ही गोष्ट व्हायरसपेक्षा जास्त लागते. आणखी एक लक्षात घ्या: अवास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चारही नावं आज एकाच मालकाची, जेन डिजिटलची आहेत.

अधूनमधून दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं, तसं मालवेअरबाइट्स या नकोसे प्रोग्राम शोधून काढणाऱ्या प्रोग्रामच्या फुकट आवृत्तीनं महिन्यातून एकदा स्कॅन करावं. टाकल्यावर सुरुवातीला सशुल्क आवृत्तीची चाचणी चालू होते. ती संपली की तो सतत पहारा देत नाही, सांगाल तेव्हाच तपासतो, म्हणून डिफेंडरशी भांडण होत नाही. आपल्याकडे केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही 2017 पासून आहे. तिथली सफाईची फुकट साधनं पुण्याच्या क्विक हीलसारख्या भारतीय कंपन्यांच्या मदतीनं दिली जातात.

डिफेंडरची एक सेटिंग मात्र आवर्जून तपासा. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'च्या आत 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' आहे, तिथे 'पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' चालू हवं. मावशीचा क्लीनर याच जातीचा: व्हायरस नाही, पण नकोसा. आणि पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून परत आल्यावर फोल्डरच्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला तर त्यावर डबल क्लिक करू नका. तो फोल्डर नसून शॉर्टकट असतो आणि क्लिक केल्यावर व्हायरस चालू होतो. आधी पूर्ण ड्राइव्ह स्कॅन करा. तुमच्या मूळ फाइल बहुतेक वेळा पुसलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात.

राखणदार जागा आहे का, हेही घरी पाहता येतं. आयकार या संस्थेच्या नावानं ओळखली जाणारी 68 अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ अँटिव्हायरस तपासण्यासाठीच बनवली आहे. त्या संस्थेच्या संकेतस्थळावरून ती नोटपॅडमध्ये चिकटवून फाइल सेव्ह करा. बघता बघता फाइल गायब व्हायला हवी आणि कोपऱ्यात सूचना यायला हवी.

मावशीकडचे तिन्ही अँटिव्हायरस मी एकेक करून काढले आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला. मोकळी जागा दिसताच डिफेंडर आपोआप कामाला लागला. मालवेअरबाइट्सनं क्लीनरचे उरलेसुरले तुकडे शोधले. तरी उजव्या कोपऱ्यात 'व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा' अशी लाल खिडकी येतच राहिली. कुठल्याही स्कॅनमध्ये ती सापडत नव्हती, कारण तो प्रोग्राम नव्हताच. कधीतरी एका साइटनं 'अलाऊ' विचारलं, मावशीनं दाबलं, आणि ती साइट ब्राउझरच्या नोटिफिकेशनमधून रोज खोटा इशारा पाठवत होती. ब्राउझरच्या सेटिंगमधून तिची परवानगी काढली. फोन केला होतास का, असं विचारल्यावर मावशी म्हणाली, "नाही गं, पण लिहून ठेवलाय." कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दूधवाल्याच्या नंबराखाली तो होता. पेन घेऊन मी तो खोडला आणि शेजारी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लिहिला: 1930.