चेहरा गार पाण्यात बुडवला की शरीरात काय होतं?

"लक्ष वेधून घ्यायला करतात, दुसरं काय!" स्वतःला इजा करून घेणाऱ्या पोरांबद्दल हे वाक्य शिकल्यासवरलेल्या घरांतही ऐकू येतं आणि मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेक जण हे जिवापाड लपवतात. मनातलं इतकं असह्य होतं की काहीही करून ते थांबवावंसं वाटतं, तेव्हा ती उबळ येते.

पण उबळ चढते तशी ओसरतेही. तेवढा वेळ काढायला शरीरातच एक जबरदस्त सोय आहे. घमेल्यात गार पाणी घ्या, बर्फासारखं नको, आणि श्वास रोखून कपाळ, डोळे, गाल पंधरा-वीस सेकंद त्यात बुडवा. इथली ट्रायजेमिनल, म्हणजे पाचवी नर्व्ह गारव्याची खबर थेट ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या देठाला देते, तिथून दहाव्या, म्हणजे व्हेगस नर्व्हवरून हृदयाला निरोप जातो की वेग कमी कर, त्याच वेळी हातापायांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ऑक्सिजन मेंदू-हृदयासाठी राखला जातो. हा डायव्हिंग रिफ्लेक्स. सील या समुद्री सस्तन प्राण्यांत तो प्रचंड असतो, माणसात ठोके साधारण 10 ते 25 टक्क्यांनी उतरतात. भारी गोष्ट म्हणजे यात विचारांचा संबंधच नाही, "शांत हो" हे डोकं ऐकत नसतं तेव्हाही हा चालतो. हृदयाचा त्रास किंवा खाण्याचा विकार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी उभारलेल्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या मानसोपचारात हे शिकवतात. तरुणपणी आपणही स्वतःला इजा करायचो हे त्यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं.

रीलवाले याला 'व्हेगस हॅक' म्हणून विकतात. पाण्याने दुखणं बरं होत नाही, अंगाऱ्याने तर नाहीच नाही. हाताशी येतात ती काही मिनिटं, आणि ती कुणालातरी सांगण्यासाठी वापरायची. "मला आत्ता एकटं राहायची भीती वाटतेय, येशील का?" एवढा मेसेज पुरतो. कुणीच नसेल तर टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. इजा झाली असेल किंवा जीवाला धोका वाटत असेल तर 112.

आणि घरच्यांनो, "पुन्हा करणार नाहीस, शपथ घे" असं करू नका. शपथ मोडली की पोरगं पुढच्या वेळी तुम्हाला सांगणारच नाही. स्वतःला इजा करावीशी वाटते का, हे स्पष्ट विचारा, विचारल्याने डोक्यात नवीन काही भरत नाही, मग शेजारी बसा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना सोबत जा.