आर्ल्सडेल

आर्ल्सडेल : सोडॉर या काल्पनिक ब्रिटिश बेटावरील आर्ल नदीचे खोरे. सोडॉरचे स्थान आयरिश समुद्रात, इंग्लंडचा कंब्रिया किनारा आणि आइल ऑफ मॅन यांच्या दरम्यान कल्पिलेले आहे. पाद्री विल्बर्ट ऑड्री (१९११–९७) यांनी मुलांसाठी लिहिलेल्या, १९४५ पासून पुस्तकरूपाने येऊ लागलेल्या आगगाड्यांच्या गोष्टी याच बेटावर घडतात. खोऱ्याच्या मुखाशी आर्ल्सबर्ग हे बंदर, वरच्या अंगाला शिशाच्या बंद पडलेल्या खाणी आणि दोहोंना जोडणारा अरुंदमापी (दोन रुळांमधील अंतर कमी असलेला) लोहमार्ग, अशी या भागाची ठेवण आहे.

नामोत्पत्ती : ‘डेल’ म्हणजे दरी. उत्तर इंग्लंडमधील अनेक स्थळनामांप्रमाणे हे पदही नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) भाषेतील ‘दाल्र’ या शब्दाशी जोडले जाते. ‘आर्ल’चा उगम मात्र सरळ नाही. हँपशर परगण्यात याच नावाची नदी खरोखर आहे आणि ऑड्री यांचा जन्मही त्याच परगण्यातला. पण तेवढ्यावरून संबंध ठरवणे घाईचे होईल. सोडॉरवरीलच शेजारच्या एल्स नदीबाबत पुरावा अधिक भरीव दिसतो. ऑड्री १९४६ ते १९५३ या काळात केंब्रिजशरमधील एल्सवर्थ व नॅपवेल या जोडगावांचे धर्मगुरू होते, आणि सोडॉरवर एल्स नदीच्या मुखाशी वसलेल्या गावाचे नाव नॅपफर्ड आहे. हा योगायोग असण्याचा संभव कमी. त्यामुळे आर्लच्या बाबतीतही लेखकाच्या परिचयातील भूगोलाकडे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते.

बेटाच्या नावाचा प्रश्न याहून जुना व अधिक गुंतागुंतीचा आहे. नॉर्स दर्यावर्दी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी व शेटलंड या बेटांना ‘नोर्द्रेयार’ (उत्तरेची बेटे) आणि पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटे व आइल ऑफ मॅन यांना ‘सुद्रेयार’ (दक्षिणेची बेटे) म्हणत. बाराव्या शतकाच्या मध्यास, बहुधा ११५४ च्या सुमारास, ही दक्षिणेची बेटे नॉर्वेतील नीडारॉसच्या (आजचे ट्रॉनहेम) आर्चबिशपच्या अधिकाराखाली आली. त्यांच्या धर्मप्रांताचे लॅटिन नाव ‘सोडोरेन्सिस’. १२६६ च्या पर्थच्या तहाने नॉर्वेने ही बेटे स्कॉटलंडला दिली. पुढे धर्मप्रांत दुभंगला, हेब्रिडीज वेगळी झाली. तरी मॅनच्या बिशपकडे जुने नाव राहिलेच. मूळ अर्थ विसरला गेल्यावर सोडॉर ही मॅनहून वेगळी जागा असावी असा समज झाला आणि ‘सोडॉर अँड मॅन’ हे जोडनाव, बहुधा सतराव्या शतकापर्यंत, रूढ झाले. काहींनी सोडॉर म्हणजे मॅनवरील पील गावाजवळचे छोटे बेट मानले. काहींनी ग्रीक ‘सोतेर’ (तारणहार) या शब्दाशी त्याचा संबंध लावला. नॉर्स व्युत्पत्तीच ग्राह्य धरावी. ग्रीक व्युत्पत्तीला भाषिक आधार दिसत नाही.

मॅनला भेट दिल्यावर हे जोडनाव ऑड्री यांच्या ध्यानात आले. बिशपच्या पदनामात दोन जागा, पण नकाशावर मॅन एवढे एकच बेट. मधले बेट त्यांनी स्वतः भरून काढले. त्याआधी गोष्टी व चित्रे यांतील विसंगती दाखवणारी बालवाचकांची पत्रे त्यांच्याकडे येत असत, तेव्हा एका सुसंगत भूगोलाची निकड होतीच. बेटाचा इतिहास, वंशावळी व स्थळनामे रचण्यात त्यांचे बंधू जॉर्ज यांचा मोठा वाटा आहे. हे काम दोघांनी वर्षानुवर्षे ज्या चिकाटीने केले, ती एखाद्या गॅझेटिअरच्या संपादकालाही भूषणावह ठरावी.

लोहमार्ग : खोऱ्यातला पहिला मार्ग मिड सोडॉर रेल्वेचा. खाणींच्या मालावर चालणारा हा मार्ग १९४७ मध्ये बंद पडला, अशी कथा आहे. त्याची छाया वेल्समधील कॉरिस रेल्वेत दिसते. ती रेल्वे २ फूट ३ इंच मापाची होती व १९४८ मध्ये बंद झाली. तिची दोन इंजिने १९५१ मध्ये त्याच मापाच्या टॅलिलिन रेल्वेने घेतली. ऑड्री १९५२ मध्ये तेथे स्वयंसेवक होते. मिड सोडॉरची दोन इंजिनेही अशीच दुसऱ्या खोऱ्यातल्या रेल्वेकडे जातात.

दुसरा टप्पा खडीमुळे सुरू होतो. शिशाच्या खाणींबाहेर पडलेल्या टाकाऊ दगडामुळे रुळांत गवत उगवत नाही, म्हणून तो बेटावरील मोठ्या मापाच्या रेल्वेला हवा असतो. तो खाली आणण्यासाठी जुन्या मार्गावर १५ इंच मापाचे रूळ टाकले जातात. याचा नमुना कंब्रियातील रेव्हनग्लास व एस्कडेल रेल्वे. ती १८७५ मध्ये लोहखनिजासाठी ३ फूट मापाने सुरू झाली, १९१३ मध्ये बंद पडली आणि १९१५ पासून १५ इंच मापावर पुन्हा धावू लागली. रेव्हनग्लासला एस्क, माइट व अर्ट या तीन नद्या समुद्राला मिळतात, आणि तिथल्या इंजिनांना याच नद्यांची नावे आहेत. आर्ल्सडेलची रेक्स, माइक व बर्ट ही इंजिने त्यांचीच रूपे; इंग्रजी उच्चारात मूळ नावांचे पडसाद सहज ऐकू येतात. ‘रिव्हर माइट’ हे इंजिन १९६६ चे, तर आर्ल्सडेलच्या गोष्टी १९६७ च्या. एस्कडेल ग्रीन या स्थानकाचेही येथे आर्ल्सडेल ग्रीन झाले आहे.

भाषा : बेटाची मूळ भाषा सुद्रिक, मँक्सची (आइल ऑफ मॅनच्या केल्टिक भाषेची) भगिनी म्हणून कल्पिलेली. तिच्यात नदीला ‘हॉविन’ म्हणतात. मँक्समध्ये ‘ऑविन’, वेल्शमध्ये ‘आवोन’. आर्लला मात्र हे पद लागत नाही. मॅनवरील शेवटचे जन्मजात मँक्स भाषक नेड मॅड्रेल १९७४ मध्ये वारले.